‘ढ’

मराठी शाळेत ‘ढ’ हे अक्षर दोन कामे करते. मुळाक्षरांत आपली जागा धरून बसते, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला नाव पुरवते. अशोकाच्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत २,२००हून अधिक वर्षांत बाकीची अक्षरे पार बदलली. ‘ढ’ मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात कशानेही फरक पडत नाही तो ‘ढ’, असे गमतीने सांगतात. मास्तरकीत हा शब्द रोज कानांवर पडतो, आणि पडला की मला चूळपंथक आठवतो.

चूळपंथक हा बुद्धाचा शिष्य. राजगृहातल्या एका श्रेष्ठीची मुलगी घरच्या दासाबरोबर निघून गेली. तिचे दोन्ही मुलगे वाटेवर जन्मले, म्हणून दोघेही पंथक. थोरला महापंथक, धाकटा चूळपंथक. थोरला आधी भिक्षू झाला, अर्हतपदाला पोहोचला. त्याने धाकट्याला मायेने संघात आणले आणि चार चरणांची एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने लोटले. पुढचा चरण घोकावा तर मागचा पुसला जाई! अखेर भावानेच त्याला विहार सोडायला सांगितले. जीवक वैद्याकडचे भोजनाचे आमंत्रण आले, तेव्हाही एवढ्या एकाला वगळून त्याने ते स्वीकारले.

महापंथक काही दुष्ट नव्हता. पण ज्याला सारे सहज येते, त्याला न येण्याचे दुःख कसे कळावे?

पहाटे रडत निघालेला चूळपंथक बुद्धाला दारातच भेटला. बुद्धाने त्याला दुसरी गाथा दिली नाही, की उपदेशही केला नाही. एक पांढरे स्वच्छ फडके दिले. पूर्वेकडे तोंड करून ते चोळत बैस आणि ‘रजोहरण’, म्हणजे मळ दूर करणे, एवढेच म्हणत राहा, असे सांगितले. उन्हे वर आली, तसतसे फडके हाताखाली मळत गेले. स्वच्छ वस्तू बघता बघता पालटते, मळ तर आपल्याच ठिकाणी आहे, हे त्याला उमगले. चार चरणांत न गवसलेले त्या चिंधीत गवसले.

तिकडे जीवकाकडे बुद्धाने पात्रावर हात ठेवला आणि विहारात कोणी उरले आहे का, असे विचारले. माणूस पाहायला गेला, तो आम्रवनात हजार भिक्षू! नाव विचारावे तर प्रत्येक जण म्हणे, मी चूळपंथक. वर्गात ही गोष्ट सांगताना इथे पोरे खूश होतात.

मी मात्र कथेच्या शेपटाशी थबकतो. पूर्वजन्मी म्हणे हाच मोठा विद्वान होता. पाठांतराशी झगडणाऱ्या एका मंदबुद्धी भिक्षूला तो हसला, आणि त्या बिचाऱ्याने लाजून शिकणेच सोडले. कर्माचा हिशेब थोरांनी मांडावा; पण हसण्याने शिकणे थांबते, हे मी पाहिले आहे. माझा एक शाळासोबती वाचायला उभा राहिला, की पहिल्या शब्दाआधीच वर्ग खिदळत असे. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आलाच नाही. त्याला फडके देणारे कोणी भेटले नाही.

थेरगाथेत चूळपंथकाच्या नावावर दहा गाथा आहेत. ज्याला चार महिन्यांत एक गाथा आली नाही, त्याच्या या दहा गाथा पुढच्या कित्येक पिढ्यांच्या भिक्षूंनी घोकून घोकून पाठ केल्या!