कच्चं पान

शाळेत सगळ्यात जास्त नियोजन कोण करतं? ज्याला परीक्षेला बसायचं नसतं तो. जूनमध्ये वर्ग भरायच्या आधी आमचं वार्षिक नियोजन तयार असतं. त्यातून घटक नियोजन निघतं, त्यातून महिन्याचं, आणि मग रोजची टाचण वही, जिच्यावर दर आठवड्याला सिस्टरांची सही लागते. चाचणीचा पेपर काढायचा तर आधी संविधान तक्ता: कोणत्या घटकाला किती गुण, सोपं किती, अवघड किती. बी.एड.ला सरावपाठांच्या वेळी हर्बार्टची पंचपदी अशी घोटून घेतली होती की, हेतुकथन न करता शिकवायला उभं राहिलं तर आजही चुकल्यासारखं वाटतं. एवढा सगळा सरंजाम शिक्षकाकडे असतो. मुलाच्या हातात थेट प्रश्न आणि कोरं पान.

सावद्याच्या परिसरात, एका कॉन्व्हेंट शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. शाळा स्टेट बोर्डाची, दहावीचा निकाल नाशिक विभागातून लागणारा. पत्र, बातमी, भाषण, संवाद, माहितीपत्रक असे लेखनाचे प्रकार वर्षभर चालतात. विषय फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवते, तोवर निम्म्या वह्यांत पहिलं वाक्य पडलेलं असतं. ते गाईडमधलं. दुसरंही तिथलंच. तिसऱ्याला गाडी अडते आणि पोरगं छताकडे पाहू लागतं. ते विचार करतंय असं आपल्याला वाटतं, पण ते बहुतेक वेळा गाईडचं पुढचं पान आठवत असतं.

आता गंमत बघा. ही मुलं कुठली? रावेर-यावल पट्ट्यातली, म्हणजे केळीची. लागवडीला मृगबाग धरायची की कांदेबाग, हे ठरवण्यात घरातली कित्येक संध्याकाळची जेवणं जातात. टिश्यूकल्चरची रोपं हवी असतील तर नोंदणी काही महिने आधी. ग्रँड नैन लावली तर अकरा-बारा महिन्यांनी घड कापायला येणार, तेव्हा बऱ्हाणपूरला भाव काय असेल, मजूर मिळतील का, ठिबकच्या नळ्या यंदा बदलायच्या की अजून एक हंगाम काढायचा, हे सगळं पोरांच्या कानावर पडत असतं. नववीतल्या मुलाला लागवडीचं अंतर विचारा, तो फुटांत सांगेल. वर्षभर पुढचा हिशेब जिथे रोज होतो त्या घरातल्या मुलाला अर्ध्या पानाचा आराखडा जमत नाही, हे मला कधी पटलं नाही. त्याला आराखडा जमतो. फक्त तो घरच्या लेवा बोलीत जमतो, आणि आम्ही तो इंग्रजीत मागतो.

म्हणून माझ्या वर्गात लेखनाच्या वहीचं डावं पान कच्चं. पहिली दहा मिनिटं पेन उजव्या पानाला लावायचं नाही. कच्च्या पानावर पूर्ण वाक्य लिहायला बंदी, कारण वाक्य आलं की गाईड आलंच. भाषेला मात्र बंदी नाही. बोली, मराठी, हिंदी, इंग्रजी, चित्र, बाण, जे हाताला येईल ते. शुद्धलेखन मी तिथे बघत नाही. लाल पेन डाव्या पानावर चालवत नाही, पेन्सिल वापरते.

नववीतल्या एका मुलाचं पान मी झेरॉक्स करून ठेवलंय. विषय होता, वादळात केळीबागांचं नुकसान, वर्तमानपत्रासाठी बातमी. आमच्याकडे मे-जूनमध्ये वारा उठला की एका तासात वर्षाची मेहनत झोपते, त्यामुळे विषय कुणालाच परका नव्हता. त्याच्या पानावर एकाखाली एक एवढंच होतं:

वारा, दुपारी चार
पयले आवाज, मंग दिसलं
केयी आडवी, घड हिरवेच
बाबा काही बोलले नाही
तलाठी, फोटो, पंचनामा
टेकू कोणाचे टिकले?

शेवटच्या ओळीतलं प्रश्नचिन्ह त्याचंच. मी विचारलं, "हे माहीत आहे का तुला?" म्हणाला, "नाही टीचर, आजोबांना विचारतो." दुसऱ्या दिवशी विचारून आला. टेकूवाल्यांपेक्षा, ज्यांनी बांधाला शेवरी आणि गजराज गवताची दाट वारारोधक रांग लावली होती, त्यांची बाग कमी पडली होती. मग त्याने चौथ्या ओळीवर स्वतःच काट मारली. "बाबा बोलले नाही हे बातमीत नको टीचर, मामाला पत्र लिहू तेव्हा टाकीन."

मी पुस्तकातून बातमी आणि पत्र यांतला फरक दोन तास शिकवला होता. मथळा, दिनांकरेषा, कर्मणी प्रयोग, सगळं. तो फरक या मुलाला पेन्सिलीच्या एका रेघेत कळला, आणि तोही उजव्या पानावर एक शब्द पडायच्या आधी. बातमी पूर्ण झाली तेव्हा आर्टिकल्स जिकडे तिकडे चुकली होती, भूतकाळातून तो दोनदा वर्तमानात घसरला होता. पण वारा किती वाजता आला, कुठे आला, काय पडलं आणि काय वाचलं, हे क्रमाने होतं. निसर्ग हा मानवाचा मित्र आहे, या वाक्याने ती सुरू झाली नव्हती, हेच मला पुष्कळ होतं.

कच्चं पान वाचायला मिनिटही लागत नाही. इंग्रजीच्या शिक्षकाचं आयुष्य वह्यांच्या गठ्ठ्यांखाली जातं. निबंध चुकीच्या वाटेने दोन पानं चालून गेल्यावर आपण तो तपासतो आणि शेवटी 'मुद्द्याला धरून लिही' असा शेरा मारतो. तेव्हा त्या शेऱ्याचा कुणालाच उपयोग नसतो. कच्च्या पानावर तीच गोष्ट वाट सुरू व्हायच्या आधी दिसते. मी बाकांमधून फिरते तेव्हा पाहते की, ह्या मुलालाच ठाऊक असेल अशी एखादी तरी गोष्ट इथे आहे का? क्रम त्याचा आहे की पुस्तकाचा? आणि मुद्दे फार तर नाहीत? नऊ-दहा मुद्दे असले की समजावं, मूल घाबरलंय. तिथे मी एकच काम करते, त्यातले तीन गोल करायला सांगते. कोणते, ते सांगत नाही. गोल करताना मुलं जेवढी भांडतात तेवढी व्याकरणावर कधी भांडली नाहीत.

कॉन्व्हेंटच्या वहीत लेवा बोली, यावर भुवया उंचावणारच. आवारात फक्त इंग्रजी, हा नियम कित्येक इंग्रजी शाळांत आजही आहे आणि मराठी बोललं म्हणून दंड भरलेले पालक माझ्या ओळखीत आहेत. त्यातल्याच काहींना आपल्या मुलांसाठी तो नियम आणखी कडक हवा असतो. माझं म्हणणं साधं आहे. बोलताना इंग्रजीचा आग्रह धरा, मीही धरते. पण विचार जुळवायच्या जागी पहारा बसवला तर मूल विचार जुळवणंच सोडून देतं आणि पाठांतराला लागतं.

मिशनच्या परंपरेला हे तसं नवीन नाही. जेझुइटांनी १५९९ मध्ये आपल्या शाळांचा जो अभ्यासक्रम-ग्रंथ पक्का केला, त्यात मुलांना पाठ घरी अभ्यासाला देण्याआधी शिक्षकाने तो त्यांच्यापुढे उलगडून दाखवावा, अशी रीत घालून दिली होती. मुलाला तयारीविना पानावर ढकलायचं नाही, हे त्या लोकांना चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं. आणि भाषेचं म्हणाल तर, फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. जन्माने इंग्रज. त्याने लोकांना सांगायचं ते त्यांच्याच भाषेत सांगितलं, आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून झालं. इंग्रज पाद्र्याला मराठी चालली, मग सावद्याच्या पोराच्या कच्च्या पानाला का चालू नये, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले. हिंदीच्या सरांनी टाळी दिली. गणिताच्या मॅडम म्हणाल्या, "आमच्यात कच्चं काम कधीपासून चालतं, तुम्ही आत्ता जाग्या झालात."

सगळं सुरळीत चालतं असं नाही. हुशार मुली आधी उजवं पान भराभर लिहून काढतात आणि मग त्यावरून डावं पान 'तयार' करतात. ते ओळखू येतं, कारण त्यावर एकही खाडाखोड नसते आणि मुद्द्यांना आकडे घातलेले असतात. पाठ्यपुस्तकांत माइंड मॅप आले तेव्हा मला आनंद झाला होता. मुलांनी माइंड मॅपही पाठ केले. मधलं वर्तुळ, सहा फांद्या, प्रत्येक फांदीला तोच शब्द, अख्ख्या वर्गाचा एकच. पर्यटनस्थळाचं माहितीपत्रक म्हटलं की ताजमहाल. म्हणून मी आता स्थळाची अट घालते: घरून निघून संध्याकाळपर्यंत परत येता यायला हवं. मग पाल येतं, मनुदेवी येते. एकाने फैजपूर घेतलं. १९३६ चं काँग्रेसचं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू, आणि नंदलाल बोसांनी बांबूने सजवलेलं नगर. गाईडमध्ये यातलं काही नव्हतं, त्यामुळे त्याला आराखडा करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एका मुलीचं कच्चं पान उर्दूत असतं. घरी ती उर्दू लिहायला शिकली आहे. मला अक्षरही वाचता येत नाही, म्हणून ती मला ते वाचून दाखवते, अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. वाचता वाचता थांबते, "एक मिनट टीचर, ये यहाँ नहीं आएगा," आणि बाण उलटा काढते. माझ्या वाट्याला नुसतं ऐकणं येतं. खरं सांगायचं तर सगळ्या वर्गात सगळ्यात चांगली दुरुस्ती तिच्या पानावर होते.

पालकसभेत प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, यानं मार्क किती वाढतील?" लेखी पेपर ८० गुणांचा, त्यात लेखनाचा वाटा ठरावीक, आणि वेळ सगळ्यांनाच कमी पडतो. मी खोटं सांगत नाही. काही मुलांचे वाढतात. पाठांतर दांडगं असलेल्यांचे सुरुवातीला कमी होतात, आणि त्यांचेच पालक सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसलेले असतात. परीक्षेत दहा मिनिटं मिळत नाहीत, हेही खरं. दहावीच्या दिवाळीनंतर मी ती उतरवत आणते, जानेवारीपर्यंत तीनवर. तीन मिनिटांत चार शब्द आणि एक बाण, एवढं बसतं.

यंदा जूनमध्ये मी नववीला माझं वार्षिक नियोजनच दाखवलं. लेखनाचे प्रकार एका रांगेत लिहिले, महिन्यांचा रकाना रिकामा ठेवला आणि खडू त्यांच्याकडे दिला. आधी कुणी उठेना. मग त्या केळीवाल्याने बातमी जूनमध्ये घातली, वादळ ताजं आहे म्हणून. तक्रारपत्र त्यांनी नोव्हेंबरला नेलं, कारण रब्बीत शेतीपंपाच्या विजेची बोंब असते आणि तक्रार करायला खरं कारण मिळतं. भाषण ऑगस्टला, ते कुणीही ऑगस्टलाच घातलं असतं. मरियामातेच्या सणामुळे ८ सप्टेंबरच्या आसपास तास बुडतात, तिथे त्यांनी लहानसं निमंत्रणपत्र बसवलं. हे माझ्या वीस वेळा केलेल्या नियोजनात कधी नव्हतं. सिस्टरांनी वही चाळली, "हे अक्षर कुणाचं?" म्हणून विचारलं आणि सही केली. निबंध मात्र पोरांनी एकमताने मार्चमध्ये ढकलला होता, परीक्षेच्या ऐन तोंडावर, म्हणजे तो होणारच नाही अशी व्यवस्था. तो मी उचलून डिसेंबरात आणला. टाचण वही शेवटी माझ्या नावावर आहे.