मासेमारीचा चित्रपट पाहताना



आमच्या तरुण संघातल्या तीन मुलांनी मे महिन्याच्या सुट्टीत वेदगंगेच्या काठी गळ टाकून मासे धरले आणि मोबाईलवर त्याचा छोटा चित्रपट केला. बुधवारच्या प्रार्थनासभेनंतर तो मला दाखवला. साडेतीन मिनिटांत अकरा मासे! मागे डीजेचं संगीत, आणि प्रत्येक मासा वर आला की आरडाओरडा. संपल्यावर विचारतात, "कसं झालंय ओ काका?" मी म्हटलं, "मासे भरपूर आहेत रे, पण नदी कुठाय?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मंडळीत पडद्यावर काय दाखवायचं हे ठरवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे या विषयावर मला मत आहे, आणि ते जरा सविस्तर लिहावंसं वाटतं.

निपाणी, संकेश्वर, कागल या पट्ट्यात गळ टाकणाऱ्या माणसाला घरचे रिकामटेकडा समजतात. बांबूची काठी, तंगूस, गळ, कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, एवढंच सामान. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी यांच्या काठी किंवा हिडकलच्या पाण्यावर असा एखादा बसलेला दिसतोच. कोणी तंबाखूच्या वखारीत काम करणारा, कोणी शिक्षक, कोणी रिक्षावाला. त्याचं पोट माशांवर चालत नाही. एखादी मरळ लागली तर संध्याकाळी कालवण होतं, नाहीतर दोन चिलाप्या घेऊन घरी जायचं आणि बायकोचं बोलणं ऐकायचं.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की चढणीचे मासे येतात, ती मजा वेगळी. प्रवाहाच्या उलट मासे ओढ्यात, शेताच्या चरात चढतात आणि गावच्या गाव बॅटऱ्या, बुट्ट्या घेऊन बाहेर पडतं. ते पडद्यावर छान दिसेल यात शंका नाही. पण ती मासळी अंडी घालायला निघालेली असते, म्हणून मुलांनी त्याचा चित्रपट करू नये असं मला वाटतं. कालवण खाताना मात्र मी हे बोलत नाही.

आता चित्रपटांकडे येऊ. जेरेमी वेड यांची 'रिव्हर मॉन्स्टर्स' ही मालिका 2009 पासून आली आणि आपल्याकडेही मुलांनी ती पाहिली. वेड मूळचे जीवशास्त्राचे शिक्षक. ते 1982 मध्ये आपल्या देशात महसीर धरायला आले होते. त्यांची गोष्ट सांगायची पद्धत पोलिसतपासासारखी आहे: अमुक गावात कोणीतरी पाण्यात ओढला गेला, मग गुन्हेगार कोण? पाहताना वेळ जातो. पण त्यात मासा आरोपी होतो आणि नदी गुन्ह्याची जागा होते. एकदा उलगडा झाला की पुन्हा पाहावंसं वाटत नाही.

याच्या उलट बीबीसीची 1993 ची 'अ पॅशन फॉर अँगलिंग'. ह्यू माइल्स यांनी क्रिस येट्स आणि बॉब जेम्स या दोन मित्रांचं चार वर्षं चित्रीकरण केलं आणि त्यातून सहा भाग निघाले. धुकं, पाणी, पाखरं, दोघांची एकमेकांना चिडवाचिडवी, आणि कितीतरी वेळ काहीच न लागणं. हे 'न लागणं' ज्या चित्रपटातून कापून टाकलं, तो मासेमारीचा चित्रपट उरतच नाही. पाहणाऱ्याला थोडं तिष्ठायला लावलं पाहिजे. बूच हललं की त्याचा श्वास थांबला पाहिजे, आणि ते बुडण्याआधी दोनदा फसवून गेलं पाहिजे. अकराव्या माशाला कोणाचाच श्वास थांबत नाही. म्हणून मुलांना मी सांगितलं, नऊ मासे काढा आणि तुमचा थर्मास सांडला तेव्हा तुम्ही हसलात ते ठेवा.

2018 पासून सुरू झालेल्या 'गॉन फिशिंग'मध्ये बॉब मॉर्टिमर आणि पॉल व्हाइटहाउस हे दोन विनोदी नट असतात. दोघांनाही हृदयविकार. मॉर्टिमर यांची 2015 मध्ये बायपास झालेली, आणि शस्त्रक्रियेनंतर घरातच बसून राहिलेल्या मित्राला व्हाइटहाउस यांनी नदीवर ओढून नेलं, त्यातून ही मालिका जन्मली. गप्पा मरणाच्याही होतात, जेवणाच्याही. धरलेला मासा ते हळूच पाण्यात सोडतात. हे पाहताना आमच्या आईनं विचारलं, "सोडायचाच होता तर त्याला त्रास कशाला दिला?" मला उत्तर देता आलं नाही. मात्र मंडळीतले एक बायपास झालेले काका हे भाग पाहून दुसऱ्या आठवड्यात काठी घेऊन बाहेर पडले, हे मी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

पण माझ्या मनात घर करून बसलेला चित्रपट 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' हाच. नॉर्मन मॅक्लीन यांच्या 1976 च्या पुस्तकावरून रॉबर्ट रेडफर्ड यांनी 1992 मध्ये केलेला. छायाचित्रणासाठी त्याला ऑस्कर मिळालं, आणि ते पाणी पाहिलं की का मिळालं ते कळतं. अमेरिकेतल्या मोंटानातले एक प्रेस्बिटेरियन पाळक आपल्या दोन मुलांना शास्त्रपाठ आणि गळ फेकणं एकाच शिस्तीत शिकवतात. तालयंत्र लावून, चार मात्रांत. आपल्या भागाला हे घर परकं नाही. रॉयल वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरात आले आणि पुढे ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. कडक, प्रेमळ, उपदेश लिहून काढणारे असे पाळक आपल्या आजोबांनी पाहिलेले आहेत.

धाकटा मुलगा पॉल नदीत उभा राहिला की पाहतच राहावं. वडिलांनी शिकवलेल्या चार मात्रा मोडून तो स्वतःचा ताल धरतो. पण दारू आणि जुगार त्याला सोडत नाहीत. थोरल्याला मदत करायची असते, आणि मदत नेमकी काय करायची हेच कळत नाही. केली तरी घेणारा घेत नाही. शेवटी पॉल मारला जातो. त्याआधीचा एक दिवस तिघं बापलेक नदीवर एकत्र घालवतात, आणि अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात आनंदाचा प्रसंग तोच आहे.

माझा धाकटा भाऊ पितो. दोनदा उपचार झाले. तीन वर्षांत तो उपासनेला आलेला नाही. हे मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथं लिहायला संकोच वाटत नाही, आणि त्याला विचारूनच लिहितोय. लहानपणापासून गळाला त्याच्यासारखा हात आमच्या गल्लीत कोणाचा नाही. हा चित्रपट मी त्याच्याबरोबर घरी पाहिला. भाषा त्याला फारशी कळत नव्हती. संपल्यावर तो एवढंच म्हणाला, "दादा, त्या पोराला त्या दिवशी घरी न्यायला नको होतं. नदीवरच ठेवायचं."

त्यानंतर मी योहानाचा 21 वा अध्याय काढून वाचला. पेत्र हौशी नव्हता, जाळ्यावर जगणारा होता, हे मान्य. (गळाचा उल्लेख शुभवर्तमानांत एकदाच येतो: मत्तय 17 मध्ये येशू पेत्राला गळ टाकायला सांगतो आणि माशाच्या तोंडात कराचं नाणं सापडतं. हौशी मंडळींनी हे लक्षात ठेवावं.) तरी योहानानं हा प्रसंग असा रचलाय की कोणा दिग्दर्शकाला त्यात फार बदल करावा लागणार नाही. रात्रभर काही लागत नाही. पहाटेच्या अर्धवट उजेडात काठावर कोणीतरी उभा आहे. मग 153 मासे. पेत्र तारू सोडून पाण्यात उडी घेतो. काठावर कोळशाचा विस्तव आधीच पेटलेला असतो, त्यावर मासा आणि भाकर, आणि तरी प्रभू म्हणतो की तुमचेही थोडे आणा.

त्या कोळशाच्या विस्तवासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तो साऱ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो. इथं, आणि योहान 18 मध्ये, जिथं अंगणातल्या विस्तवापाशी शेकत पेत्रानं प्रभूला नाकारलं होतं. प्रभूला विचारायचं होतं ते साधं नव्हतं, आणि तीनदा विचारायचं होतं. पण शास्त्र स्पष्ट सांगतं की ते न्याहारी झाल्यावर विचारलं. रात्रभर जागलेल्या, भिजलेल्या माणसाला त्यानं आधी जेवू घातलं. पेत्रानं काय केलं होतं, हा विषय त्या सगळ्या वेळात एकदाही निघाला नाही.

आता रविवारी उपासना आटोपली की मी डब्यात भाकरी आणि भाजी घेऊन वेदगंगेवर जातो. तो आधीच बसलेला असतो. कधी त्या दिवशी प्यायलेला असतो, कधी नसतो. मी शेजारी बसून डबा उघडतो. मागच्या रविवारी वाटलं की आज उपासनेचं काढावं, दोन शब्द बोलावे, म्हणून मी तोंड उघडलं, तर त्यानं पाण्यावरची नजर न हलवता हात वर केला. "दादा, थांब. बूच हललंय."