वारा कुठून जातो?



आमची आत्या सत्तरीपुढची. जन्मभर खजुरीच्या घरात चुलीपुढे बसून तिने तुराट्या जाळल्या, भाकरी थापल्या. तो धूर फुप्फुसात बसला. गेल्या हिवाळ्यात कलबुर्गीच्या दवाखान्यातून घरी आणले ते बायपॅप यंत्रासकट. श्वासावाटे जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायचा तो हिच्या अंगात साठतो, म्हणून रोज रात्री मास्क लावायचा.

पहिल्याच रात्री मास्कच्या कडेतून फुस्सऽ सुरू झाले. वारे थेट डोळ्यांत. सकाळी डोळे लाल. आम्ही पट्टे आवळले. गळती वाढली, म्हणून आणखी आवळले. चौथ्या दिवशी नाकाच्या हाडावर जखम. आत्या काही बोलली नाही, आणि तेच आम्हाला लागले.

मग आम्हाला मास्कच्या पुढच्या भागात बारीक छिद्रे दिसली. हात धरला तर वारे येत होते. चोर सापडला! आम्ही त्यावर चिकटपट्टी लावली. कोणी लावली ते विचारू नका, आम्हीच लावली. सकाळी आत्या उठेना. डोके ठणकतेय म्हणाली आणि पुन्हा गुंगीत गेली. यंत्र देणाऱ्या मुलाला फोन केला तर तो ओरडलाच, "आधी पट्टी काढा!" ती छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. आम्ही तोच तिला परत पाजत होतो. पट्टी काढली आणि तसेच तिला दवाखान्यात नेले. वाचली. त्या रविवारी मिस्सेत छातीवर हात मारताना आम्हाला ती चिकटपट्टीच दिसत होती.

खरी गळती कुठे होती? आत्याला दात नाहीत, गाल आत गेलेले, आणि मास्क मोठा. शिवाय झोपताना तोंडाला खोबरेल तेल लावायची तिची लहानपणापासूनची सवय. तेलावर सिलिकॉन ठरत नाही, घसरते. आता लहान मापाचा मास्क आहे. त्याची गादी रोज सकाळी साध्या साबणाने धुतो. रात्री आत्याचे तोंड साबणाने धुतो, तेल फक्त केसांना. पट्टे बसवतो ते ती आडवी झाल्यावर, यंत्र चालू करून, कारण बसल्यावरचा चेहरा आणि निजल्यावरचा चेहरा एक नसतो. फुस्स झाले की आवळत नाही. मास्क जरा उचलून गादीत हवा भरू देतो आणि अलगद टेकवतो. पट्ट्याखाली बोट गेले पाहिजे. नळी उशाजवळून सैल सोडतो, नाहीतर कूस बदलताना ती मास्क ओढते.

ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये झोपेत श्वास अडणाऱ्यांसाठी अशा प्रकारचे पहिले यंत्र मांडले, तेव्हा मास्क रोज रात्री चेहऱ्याला चक्क चिकटवावा लागे. हे वाचून आम्हाला थोडा धीर आला.

हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, रूआह. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे आम्ही कितीदा शिकवले असेल. पण वारे आत जायला जशी वाट लागते तशी बाहेर यायलाही लागते, हे त्या चिकटपट्टीने शिकवले.

आता रोजरी आधी म्हणतो, मग मास्क. तरी कधी उशीर झाला तर आत्या मास्कमागून नुसते मणी सरकवते. शेवटी मात्र तिला राहवत नाही. "आमेन" म्हणायला ती मास्क उचलते आणि यंत्र बोंबलायला लागते. "ओरडू दे त्याला," म्हणते.