सहाव्या क्रमांकावर कोण?

गगनबावड्यात पाऊस लागला की माणसाला दोनच जागा उरतात, एक घर आणि दुसरी चहाचं दुकान. आमचं बिऱ्हाड इथं, शाळा मात्र भुईबावडा घाटाखाली, कोकणात. उर्दू माध्यमाची. रोज घाट उतरायचा आणि रोज चढायचा. एस.टी. वेळेवर आली तर ठीक, नाहीतर स्टँडजवळच्या मामांच्या दुकानात बसून राहायचं. अशा रीतीनं त्या दुकानातल्या निवड समितीचे आम्ही आपोआप सदस्य झालो. समितीत एक कंडक्टर आहेत, दूध संस्थेचे सचिव आहेत, एक निवृत्त तलाठी आहेत आणि उधारीवर जगणारे दोन-तीन होतकरू आहेत. कोल्हापूर जिल्हा तसा कुस्तीचा आणि फुटबॉलचा. पण भांडायला क्रिकेटच बरं पडतं, कारण त्यात आकडे असतात.

२४ मे २०२५, शनिवार. शाळेला सुट्टी होती म्हणून धाकट्याला बरोबर घेऊन आम्ही बाजाराला निघालो होतो. इंग्लंड दौऱ्याचा कसोटी संघ दुपारीच जाहीर झाला होता. रोहित शर्मा आणि विराट कोहली या दोघांनी त्याच महिन्यात कसोटीतून निवृत्ती घेतलेली, शुभमन गिल नवा कर्णधार, करुण नायर आठ वर्षांनी संघात परत. आणि अठरा नावांत सरफराज खान नाही. आम्ही छत्री मिटवतोय तोच सचिव म्हणाले,

"काय सर, तुमच्या सरफराजला डावललं की ओ!"

तुमच्या. सचिव मनानं निर्मळ माणूस. ईदला शीरखुर्म्याची वाटी पोचायला उशीर झाला तर स्वतः आठवण करणारे. त्यांनी हे सहानुभूतीनंच विचारलं होतं. पण सरफराज मुंबईत वाढलेला, त्याचे वडील मूळचे आझमगढकडचे. त्याच्याशी सचिवांचं जेवढं नातं, तेवढंच आमचं. करुण नायर कुणाचा, हे मात्र त्या दुकानात कुणी कुणाला विचारलं नाही.

असा प्रश्न आला की आमच्यासारख्याची जीभ एका विशिष्ट दिशेनं वळते. वाचकहो, ती दिशा तुम्हांलाही ठाऊक असेल. आम्ही घाईघाईनं म्हणालो, "बरोबरच केलं की! बंगळुरूला न्यूझीलंडविरुद्ध १५० केल्यावर पुढच्या चार डावांत मिळून २१ धावा. करुणनं या रणजी हंगामात ८६३ केल्यात, विदर्भानं चषक नेलाय. आणि त्या अभिमन्यू ईश्वरनला किती वर्षं बाकावर बसवलंय, त्याचं काय?" समिती खूश झाली. कंडक्टर म्हणाले, "सर कसं नेमकं बोलत्यात बघा." चहाचे पैसे त्यांनीच दिले.

निवृत्त तलाठी तेवढे गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या भाऊसाहेब निंबाळकरांस्नी तरी कुठं घेतलं?"

कोल्हापुरात क्रिकेटची कुठलीही चर्चा शेवटी या नावाशी येऊन थांबते, आणि ते योग्यच आहे. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राविरुद्ध काठेवाड, रणजी सामना. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा तेव्हाचा जागतिक विक्रम गाठायला नऊ धावा हव्या होत्या. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सामनाच सोडून दिला. रणजीत आजही त्याहून मोठी खेळी नाही. प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीत ४,८४१ धावा, सरासरी ४७.९३, आणि कसोटी सामने शून्य. डिसेंबर २०१२ मध्ये, वयाची त्र्याण्णव वर्षं पुरी व्हायला एक दिवस असताना, ते कोल्हापुरातच गेले. त्यांना का घेतलं नाही याची प्रत्येक पिढीनं आपापली कारणं सांगितली. मुंबईवाल्यांचं वजन होतं म्हणून, धावा दुबळ्या संघाविरुद्धच्या होत्या म्हणून, कोल्हापूर आडवाटेला म्हणून. तलाठी म्हणाले, "आता सांगा, त्यांचं आडनाव काय वाईट हुतं?"

उत्तर सुचलं नाही. असरची वेळही झाली होती.

नमाजनंतर मस्जिदीच्या ओट्यावर आमची दुसरी निवड समिती बसते. इथं विषय तोच, सूर वेगळा. "सर, रणजीच्या एका हंगामात ९२८, दुसऱ्या हंगामात ९८२. आणखी काय करायचं पोरानं? राजकोटला पहिल्याच कसोटीत दोन्ही डावांत अर्धशतकं. ऑस्ट्रेलियाला नेलं, पाचही कसोट्या बसवून ठेवलं आणि न खेळवताच काढलं. नाव दुसरं असतं तर?" आम्ही मान डोलावली. नुसती डोलावली नाही, "सगळं उघड आहे, पण बोलणार कोण?" असंही म्हणालो. तिथंही सगळे खूश झाले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर धाकट्यानं विचारलं, "अब्बा, तुम वहाँ एक बोले, यहाँ एक बोले. सही कौनसा?"

त्याला "सो जा" म्हणालो, पण आम्हांला झोप आली नाही. विद्यार्थ्यानं एका प्रश्नाची दोन उत्तरं लिहिली तर आम्ही दोन्हींवर लाल रेघ मारतो. खरं तर दोन्हीकडे आम्ही आकडे सांगितले होते आणि सगळे आकडे खरे होते. फक्त प्रत्येक ठिकाणी अर्धेच.

आणि आडनावाची शंका? निवड समितीच्या खोलीत आम्ही नव्हतो. पण ही शंका क्रिकेटनं आमच्या मनात घातलेली नाही. बी.एड.ला असताना शहरात खोली शोधत होतो. खोली पसंत, भाडं कबूल, आणि नाव सांगितल्यावर मालकीणबाईंना एकाएकी आठवलं की ही खोली पुतण्यासाठी ठेवलीय. अशा तीन पुतण्यांनी आमच्या खोल्या घेतल्या. २०२१ साली पाकिस्तानकडून हरल्यावर अकरांपैकी मोहम्मद शमीलाच नेमक्या शिव्या पडल्या, त्याही वाचल्या. कर्णधार कोहली तेव्हा त्याच्या पाठीशी उभा राहिला, तेही वाचलं. ज्याला खोली पहिल्या खेपेला मिळाली, त्याला संघाची यादी नुसती यादी म्हणून वाचता येते. आमचा डोळा आधी नावं मोजतो. ही सवय चांगली नाही, पण ती आम्ही हौसेनं लावून घेतलेली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. लीड्सची पहिली कसोटी २० तारखेला. आदल्या दिवशी पावसामुळे आठवीच्या वर्गात निम्मीच मुलं. म्हटलं, चला, संघ निवडू. एकानं फळ्यावर उजवीकडून डावीकडे, सुरेख नस्तालिकमध्ये अकरा नावं लिहिली. सहाव्या क्रमांकावर करुण नायर. लगेच मागून आवाज आला, "सर, सरफराज!"

आम्ही नियम घातला. ज्याला एखादं नाव घालायचं असेल त्यानं पुढं यावं, हातात डस्टर घ्यावं आणि आधी कुणाचं नाव पुसणार ते सांगावं. हा नियम आमच्या दोन्ही समित्यांत नाही. असता तर दोन्ही केव्हाच बरखास्त झाल्या असत्या.

मुलगा पुढं आला. त्यानं करुणचं नाव पुसलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला, "सर, उसने तीन सौ मारे थे, फिर भी आठ साल बाहर बैठा." खरंच होतं. २०१६ ला चेन्नईत नाबाद ३०३, काही महिन्यांत संघाबाहेर, आणि २०२२ मध्ये त्यानं क्रिकेटकडंच आणखी एक संधी मागितली होती. आदल्याच मे महिन्याच्या अखेरीस कँटरबरीला भारत 'अ' संघाकडून सरफराजनं ९२ केले, तर त्याच डावात करुणनं २०४. डस्टरवाला मुलगा थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं करुणचं नाव पुन्हा लिहिलं आणि शार्दूल ठाकूरचं पुसलं. वर्ग ओरडला, "फिर बॉलिंग कौन करेगा?" त्यानं शार्दूललाही परत आणलं. फळ्यावर बारा नावं झाली. आम्ही अकरावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "सर, अठरा में तो जगह थी ना?"

आम्ही निंबाळकरांची हकीकत सांगितली. अन्याय आडनाव न बघताही होतो, असं काहीसं सुचवायचं होतं. तो नीट ऐकून म्हणाला, "मतलब सर, उनके साथ भी गलतही हुआ."

घंटा झाली. फळा पुसायला कुणी आलं नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. लीड्सला करुण पहिल्या डावात शून्यावर गेला, अख्ख्या मालिकेत त्याचं एकच अर्धशतक. ईश्वरन पाचही कसोट्या बाहेरच. ४ ऑगस्टला ओव्हलवर सिराजनं शेवटचा त्रिफळा उडवला, भारत सहा धावांनी जिंकला आणि मालिका २-२ झाली. संध्याकाळी एस.टी.तून उतरलो तर सचिवांनी लांबूनच हाक मारली, "सर, बघितलासा का आपला सिराज!" पेढा त्यांनी आमच्या तोंडातच कोंबला. आम्ही तो खाल्ला. 'आपला' हा शब्द कानाला गोड लागला आणि मे महिन्यातला 'तुमचा'ही त्याच क्षणी आठवला, त्याला काय करणार?

ऑक्टोबरमध्ये भारत 'अ' संघातही सरफराज नव्हता. या वेळी एका राजकीय प्रवक्त्यानंच आडनावाचा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि देशभर गदारोळ झाला. आम्ही धाकट्याला घेऊन दुकानात शिरलो. सगळ्यांनी आमच्याकडं पाहिलं.

आम्ही म्हणालो, "लीड्सला सहाव्या क्रमांकावर करुणच बरोबर होता. पण अठरांत सरफराज हवा होता, आणि आता 'अ' संघात तर हवाच. आडनावामुळं काढलं असं आम्ही म्हणत नाही. पण आम्हांला तशी शंका का येते, ते खोली भाड्यानं शोधताना कळतं." मग खोलीची गोष्टही सांगितली, तिन्ही पुतण्यांसकट. कंडक्टर काही बोलले नाहीत. तलाठ्यांनी विचारलं, "कुठल्या गल्लीत?" आम्ही गल्ली सांगितली नाही.

नमाजनंतर ओट्यावर हेच शब्द पुन्हा उच्चारले. "सर आता फारच समतोल झालेत," असं एकजण म्हणाला. ते कौतुक नव्हतं. त्या दिवशी चहाचे पैसे दोन्हीकडं आम्हीच दिले. धाकटा खारी चहात बुडवत बसला होता. ती तुटून कपात पडली, तर चमचा मागायला उठला.