सोसायटीच्या वाटा: आधी पाणी, मग फरशी

आवारातल्या वाटा नव्याने करायच्या ठरल्या की सर्वसाधारण सभेत टेबलावर नमुने मांडले जातात. लाल-करडे पेव्हर ब्लॉक, कोटा, शहाबादी, ठसा उमटवलेलं काँक्रीट. रंगावर मतं पडतात आणि सर्वांत कमी भावाचं कोटेशन मंजूर होतं. आवारांची रचना करणं हा माझा व्यवसाय आहे, आणि त्या अनुभवावरून मी ठामपणे सांगेन की नमुना सगळ्यात शेवटी पाहावा. वाट टिकते ती तिच्या खालच्या थरांवर आणि पाण्याला दिलेल्या उतारावर.

पहिला प्रश्न असा, की या वाटेवरून कोण जाणार? पेव्हर ब्लॉकसाठी आयएस 15658 हे भारतीय मानक आहे. फक्त पायी चालण्याच्या जागी 50 मि.मी. जाडीचा ब्लॉक पुरतो, मोटारींसाठी 60, त्याहून जड वाहनांसाठी 80 किंवा अधिक लागतो. उंच इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेने 45 टनांपर्यंतचा अग्निशमन बंब पेलावा, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. तिथे पायवाटेचे ब्लॉक घातले, तर पाण्याच्या टँकरच्या रोजच्या फेऱ्यांनीच ते खचतात.

ब्लॉक खचले की दोष ब्लॉकला दिला जातो. खोदून पाहिलं तर बहुतेकदा खाली न दाबलेला भराव सापडतो. पुण्यात, नाशकात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम आणि खडी थराथराने पाणी मारत, रोलर फिरवत दाबावी लागते. त्यावर कचेचा पातळ, सारख्या जाडीचा थर. खड्डा बुजवायला हाच थर जाड केला, की ब्लॉक तिथेच बसतो. कडेला कर्ब पक्का नसेल, तर ब्लॉक बाजूला सरकून सांधे उघडतात.

आपल्याकडे वाटेची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. दर मीटर रुंदीला सुमारे 2 सें.मी. आडवा उतार द्यावा, म्हणजे पाणी वाहून जातं आणि चाकाची खुर्चीही तिरपी होत नाही. पॉलिश केलेला कोटा जिन्यात शोभतो, उघड्यावर मात्र जुलैत निसरडा होतो. त्याच दगडाचा खरबरीत पृष्ठभाग, टाकी मारलेला काळा दगड किंवा ब्रश फिरवलेलं काँक्रीट पायाला पकड देतं. सावलीतल्या वाटेवर शेवाळ धरणारच. ते ताठ ब्रशने घासून काढावं. ॲसिड ओतू नये, कारण कोटा आणि शहाबादी हे चुनखडक आहेत आणि ॲसिड त्यांना खातं, सिमेंटलाही खातं.

मुंबई-ठाण्याच्या नव्या संकुलांत बाग पोडियमवर असते, खाली पार्किंग. ब्लॉकच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी तिथे जमिनीत मुरत नाही, स्लॅबवर साचतं. म्हणून उतार वॉटरप्रूफिंगच्याच थराला हवा आणि निचऱ्याची तोंडं त्याच पातळीवर हवीत. वरून कितीही देखणी फरशी घातली, तरी हे चुकलं तर गळती खालच्या गाड्यांवर होते.

झाडांचा विचार तर सभेत क्वचितच होतो. खोडाला चिकटवून ब्लॉक बसवले की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि मुळं वर येऊन वाट उखडतात. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटर त्रिज्येतलं काँक्रीट काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिला होता. आपल्या आवारात तेवढी माती उघडी ठेवायला आदेशाची वाट कशाला पाहायची? जमिनीवरच्या पायवाटा मोकळ्या सांध्यांच्या ठेवून त्यांत बारीक खडी भरली, तर पाऊस जागीच मुरतो.

पुढच्या सभेत हा विषय निघाला, तर चार गोष्टी कागदावर मागा: खालच्या थरांची जाडी, उताराची दिशा, ब्लॉकची जाडी आणि ग्रेड, आणि झाडांभोवती सोडायची जागा. कोटेशनात या चारही गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर भावांची तुलनाच करू नका. आणि मत देण्यापूर्वी आपल्या इमारतीतल्या काठी टेकत चालणाऱ्या आजींना नमुन्याच्या ओल्या फरशीवरून, कुणाचा तरी हात धरून, चार पावलं चालायला सांगा. त्यांचा पाय जिथे निर्धास्त पडेल, ती फरशी निवडा.