माथेरानची सावलीतली वाट

पाऊस ओसरू लागला की माथेरानच्या रानाला खरी शोभा येते. कुटुंबासह निसर्गदर्शनास जाण्यासाठी भाद्रपद-आश्विनाचे दिवस उत्तम. नेरळहून येणाऱ्या मोटारी दस्तुरीपाशी थांबतात. पुढे सुमारे ८०० मीटर उंचीवरचे पठार, लाल मातीच्या वाटा आणि अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली. बाजारपेठेपासून शार्लोट तलावाकडे जाणारी वाट जेमतेम २ किलोमीटरांची. आजी-आजोबा आणि नातवंडे दोघांनाही झेपणारी.

वाटेकडेच्या ओलसर कडेवर प्रथम भेटतो तो हंसराज. तारेसारखा काळाभोर देठ आणि ज्यांवर पाणी ठरत नाही अशी नाजूक पाने. वृक्षांच्या खोडांवर बाशिंग विसावलेले असते. त्याची तळची पाने वाळून तपकिरी झाली तरी गळत नाहीत. पालापाचोळा धरून ठेवतात आणि त्यातूनच त्याचे पोषण होते. नेच्यांना फूल नाही, बी नाही. पान न तोडता हलकेच उलटून मुलांना मागचे तपकिरी ठिपके दाखवावेत. त्यांतील बीजाणूंच्या बळावर हे कुळ पृथ्वीवर पहिले फूल उमलण्याच्या कितीतरी आधीपासून नांदत आहे.

झाडी विरळ होते तेथे तेरडा गुलाबी हसतो, सोनकी पिवळीधमक फुलते. एखाद्या झुडपावर कळलावी चढलेली दिसते. तिच्या ज्वाळेसारख्या पाकळ्या मुलांना भुरळ घालतात. परंतु ही वनस्पती विषारी असून तिचा कंद जीवघेणा ठरू शकतो. रानातले अनोळखी काहीही तोंडात घालायचे नाही, हे मुलांना घरूनच बजावून निघावे. शेवाळलेल्या दगडांवर पाय घसरतो. म्हणून पकड असलेले बूट आणि ज्येष्ठांच्या हाती काठी हवी.

हंसराजाचे रोप कुंडीसाठी उपटून नेण्याचा मोह अनेकांना होतो. शहरातल्या कोरड्या गॅलरीत ते सहसा तगत नाही. इकडे मात्र उघडी पडलेली माती पुढच्या सरीबरोबर उतारावरून वाहू लागते आणि तलावात गाळ होऊन बसते. माथेरान पूर्वापार याच तलावाचे पाणी पीत आले आहे.

तलावाकाठी पिसारनाथाचे मंदिर आहे. तेथे घटकाभर टेकावे आणि त्याच वाटेने सावकाश परतावे. जाताना नजरेतून निसटलेली कितीतरी पाने-फुले परतताना दिसतात.