चकलीची शेपटी

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे, टेक्सासला गेले होते. परत आल्यावर जो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" आता काय सांगू? तीन महिने मी एका पालीची सेवा केली!

आमच्या लहानपणी पाल चुकचुकली की आई "कृष्ण कृष्ण" म्हणायची. अंगावर पडली तर आधी आंघोळ, मग पंचांगात फळ बघणे. पुढे मी ३२ वर्षं वर्गात "पाल कीटक खाते, ती उपयुक्त आहे" असं शिकवलं, पण घरी पाल दिसली की झाडू हातात. शिकवणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं!

नातू दहा वर्षांचा. गाव सोडून जाणाऱ्या एका मित्राने त्याला ही पाल दिलेली. तपकिरी-करडी, अंगावर पट्टे. शेपटीचं वेटोळं करून फांदीला धरून बसायची, म्हणून तिचं नाव 'चकली'. जात 'क्रेस्टेड गेको', म्हणजे तुरेवाली पाल, असं मित्राने सांगितलेलं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे, तिथली. १८६६ साली शास्त्रज्ञांनी तिची नोंद केली, पुढे ती नामशेष झाली असं समजत होते आणि १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली! हे सगळं नातवाने मला पाठ म्हटल्यासारखं ऐकवलं.

तिचे लाड विचारू नका. बाहेर चाळीस अंश, पण चकलीला २२ ते २६ अंशच हवेत. २८च्या वर गेलं की तिला त्रास. त्यामुळे मी टेक्सासच्या उन्हाळ्यात शाल पांघरून बसलेली! संध्याकाळी काचेच्या पेटीत पाण्याचा फवारा मारायचा, ते थेंब ती चाटते. खाणं म्हणजे फळांची आणि प्रथिनांची तयार पूड पाण्यात कालवून. किडे रोज द्यावे लागत नाहीत हे ऐकून मला हायसं वाटलं. तिला पापण्या मिटता येत नाहीत, जिभेने डोळे पुसते. आम्ही दोघं रात्री दिवा मंद करून ते बघत बसायचो. तो इंग्रजीत सांगायचा, मी मराठीत विचारायचे. तेवढा तासभर तो माझा असायचा.

जुलैमध्ये तो दोन दिवस शिबिराला गेला आणि चकली माझ्यावर सोपवली. दुसऱ्या संध्याकाळी वाटी ठेवायला दार उघडलं, तशी तिने थेट माझ्या मनगटावर उडी मारली. सत्तर वर्षांची सवय! मी किंचाळून हात झटकला. चकली गालिच्यावर पडली, आणि शेजारी तिची शेपटी, वेगळी, वळवळत.

लेकीने तिला अलगद पेटीत ठेवलं. रक्त आलं नव्हतं. मला मात्र एकच आठवत होतं. नातवाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आजी, जपून. आपल्या पालींसारखी हिची शेपटी परत येत नाही." ते खरंच आहे, तुरेवालीची शेपटी एकदा गेली की गेलीच.

तो आल्यावर मीच सांगितलं. तो पेटीपाशी बराच वेळ उभा राहिला. मग डोळे पुसत म्हणाला, "इट्स ओके, आजी. तू घाबरलीस ना?"

त्या रात्री झोप लागली नाही. उठून वाचनालयातून आणलेलं त्याचं पुस्तक चाळत बसले. चित्रातल्या तुरेवालीच्या डोळ्यांवर पापण्यांच्या केसांसारखी काट्यांची झालर होती, ती पाठीपर्यंत गेलेली. शेपटीचं टोक चपटं. आमच्या चकलीला झालर कुठे आहे? आणि डोक्यावर हे दोन उंचवटे कसले, शिंगं फुटल्यासारखे? मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणतात, ती अशी!

सकाळी नातवाला उठवलं. भिंग घेऊन आम्ही एकेक खूण ताडून पाहिली. दोन पानं पुढे ती सापडली. 'गार्गॉयल गेको', त्याच बेटाच्या दक्षिण भागातली चुलत बहीण. आणि खाली लिहिलेलं, हिची शेपटी पुन्हा येते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. पेटीत मातीऐवजी साधा टिपकागद घाला, जखम स्वच्छ राहील. हाताळू नका. खायला नीट द्या, कारण शेपटीत साठवलेली चरबीही गेली आहे.

आम्ही तसंच केलं. मी निघाले तेव्हा एक लहानसं बोंड आलं होतं. परवा फोटो आला. शेपटी बोटाएवढी झाली आहे, पट्टे मात्र पहिल्यासारखे नाहीत.

लेक म्हणते, "आई, तू जात ओळखलीस म्हणून सुटलीस." असेल. पण मला राहून राहून वाटतं, त्याने "इट्स ओके" म्हटलं तेव्हा शेपटी परत येणार नाही असंच तो धरून चालला होता. माझी सुटका तेव्हाच झाली होती.

असो. काल स्वयंपाकघरात पाल दिसली. झाडू घेतला नाही. दिवा मंद केला आणि बघत बसले.